विस्मरण सुरू झालेल्या ज्येष्ठांची रोजची कामं तपासताना कोणाचं खरं धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एका तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं कितपत जमतात ते तपासून ती जमावीत म्हणून मदत करणाऱ्याकडे) ७४ वर्षांचे निवृत्त गृहस्थ आले. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २४ गुण, स्वावलंबनाच्या तक्त्यात सहापैकी सहा. ते स्वतः म्हणतात, "माझं सगळं मीच करतो." पत्नी म्हणते, "यांना आता काही म्हणजे काही जमत नाही." परगावी राहणारा मुलगा फोनवर सांगतो, "बाबा ठणठणीत आहेत, आईच घाबरते." अहवालात काय लिहायचं आणि कोणाचं खरं धरायचं?

तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही, असं धरूनच सुरुवात करा. ते गृहस्थ बहुधा आंघोळ, कपडे, जेवण मनात धरून बोलताहेत. पत्नीच्या मनात हुकलेलं बिल किंवा दोनदा घेतलेली गोळी असेल. मुलगा दहा मिनिटांच्या फोनवरून बोलतोय, आणि ओळखीच्या विषयावर गप्पा मारण्याची हातोटी विस्मरणाच्या आजारात बराच काळ टिकून राहते. यात निवाडा करायला तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही. काम सुरू कोण करतं, ते कुठल्या पायरीवर अडतं आणि कितपत मदत मिळाली की पुढे सरकतं, एवढं तुम्हाला शोधायचं आहे. हे तीन धागे हाती आले की तिघांचं म्हणणं एकाच चित्रात बसतं.

आधी ते सहापैकी सहा बाजूला ठेवा. सिडनी काट्झ यांनी १९६३ साली मांडलेल्या त्या तक्त्यात आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवणं ही सहा कामं आहेत. अंगवळणी पडलेली ही कामं सगळ्यात शेवटी सुटतात. विस्मरणाच्या सुरुवातीच्या काळात तिथे पैकीच्या पैकी मिळाले, तर त्यातून फारसं काही कळत नाही. आधी डळमळतात ती गुंतागुंतीची कामं. लॉटन आणि ब्रॉडी यांच्या १९६९ च्या तक्त्यात अशी आठ आहेत: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. तुमच्या पेशंटच्या बाबतीत मी सगळ्यात आधी शेवटची दोन बघेन. पैसे आणि औषधं या दोन्हींत तारीख लक्षात ठेवावी लागते, हिशेब करावा लागतो, एकाच वेळी दोन गोष्टी मनात धराव्या लागतात, आणि चूक झाली तर ती लगेच दिसत नाही. त्यामुळे घट लवकर सुरू होते आणि उशिरा कळते.

लॉटन-ब्रॉडी तक्त्याच्या मूळ मांडणीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं मोजलंच जात नसे. आज आपण तसं करत नाही, करूही नये. पण त्यामागची अडचण खरी आहे. ज्या माणसाने आयुष्यभर बँकेचं पासबुक हातात धरलं नाही, त्याला आज व्यवहार येत नाही म्हणून गुण कापणं चुकीचं. फेफर यांच्या १९८२ च्या दहा प्रश्नांच्या तक्त्यात यावर चांगली तोड आहे. तिथे "कधी केलं नाही, पण आता करावं लागलं तर जमेल" आणि "कधी केलं नाही, आणि आता जड जाईल" अशी दोन वेगळी उत्तरं मिळतात. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक. हा तक्ता ३० पैकी मोजतात, जास्त गुण म्हणजे जास्त परावलंबन, आणि साधारण ९ च्या पुढे गेलं की काळजीने पाहतात. भारतात हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातल्या निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी १९९९ साली वेगळा तक्ता तयार करावा लागला तोही याच कारणाने. माणसाच्या आयुष्यात जे काम कधी नव्हतंच, ते विचारून त्याची घट मोजता येत नाही.

म्हणून तुलना करायची ती त्याच माणसाच्या दहा वर्षांपूर्वीच्या रूपाशी. अँथनी जॉर्म यांची १९८९ ची प्रश्नावली याच पायावर उभी आहे: दहा वर्षांपूर्वीपेक्षा आता हे काम कसं जमतं, हे जवळच्या माणसाला विचारायचं. तुमचे गृहस्थ हिशेबाच्या कामातून निवृत्त झाले असतील आणि आता बिलं भरायला त्यांना अर्धा दिवस लागत असेल, तर शेवटी बिलं बरोबर भरली गेली तरी ती घटच आहे.

हा अर्धा दिवस फार महत्त्वाचा. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन संदर्भग्रंथात, सौम्य आणि गंभीर बोधनिक विकार (स्मरण, विचार यांतली घट) यांच्यातली रेघ नुसत्या गुणांवर ओढलेली नाही, ती मुख्यतः रोजच्या स्वावलंबनावर ओढलेली आहे. सौम्य अवस्थेत माणूस ही गुंतागुंतीची कामं पार पाडतो, पण जास्त कष्ट घेऊन, चिठ्ठ्या लावून, पुन्हा पुन्हा तपासून. त्या पलीकडे गेलं की दुसऱ्याची मदत लागतेच. म्हणजे तुमच्या नोंदीवर निदानाचं एक टोक टेकलेलं आहे. नुसतं "पैशांचे व्यवहार: स्वतंत्र" असं लिहिलंत तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. किती वेळ लागतो, काय काय युक्त्या वापरतात, अलीकडे काय सोडून दिलं, तेही त्या ओळीत यायला हवं.

आता पत्नीशी बोलण्याबद्दल. त्यांच्याशी वेगळं बोला. नवऱ्यासमोर त्याच्या चुकांची यादी कोणी मोकळेपणाने सांगत नाही, आणि सांगितली तरी समोर बसलेल्या माणसाची मान खाली जाते. त्याला ते ऐकवणं आपल्या हातून होऊ नये. एकांतात बोलतानाही "औषधं स्वतः घेतात का?" असा प्रश्न विचारू नका. त्यावर "हो" येईल, आणि त्या "हो"मध्ये काय काय दडलंय ते कळणार नाही. विचारा: काल रात्रीची गोळी पाकिटातून कोणी काढली? घेतली का, ही आठवण कोणी केली? मागच्या वेळी गोळ्या संपत आल्या हे कोणाच्या लक्षात आलं? गेल्या महिन्याचं विजेचं बिल कोणी भरलं, कसं भरलं? "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द आले की थांबून शेवटचा प्रसंग विचारायचा.

माझा सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: "उद्या तुम्हाला चार दिवस बाहेर राहावं लागलं, तर घरात काय काय अडेल?" यावर बायका बराच वेळ गप्प बसतात. मग एकेक गोष्ट बाहेर येते. चष्मा कुठे ठेवलाय ते मी सांगते. आंघोळीचं पाणी मी काढून ठेवते. कपडे पलंगावर मांडून ठेवते, नाहीतर कालचेच घालतात. फोन आला की मी आधी नाव सांगते. यातलं बरंचसं त्यांनी कधी ठरवून सुरू केलेलं नसतं; एकेक काम हळूच त्यांच्याकडे सरकलेलं असतं, आणि म्हणून तक्त्यात नवरा "स्वतंत्र" दिसतो. सहापैकी सहातले निम्मे गुण कधी कधी बायकोचे असतात.

उलटही घडतं. घाईने किंवा काळजीने घरचे लोक जमणारी कामंसुद्धा काढून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात क्षमता आणि प्रत्यक्ष कृती या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, आणि आपल्या कामात हा फरक रोज लागतो. "जमत नाही", "करू देत नाहीत" आणि "करावंसंच वाटत नाही" या तिन्हींना तक्त्यात सारखेच गुण पडतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

माहिती देणाऱ्याचं मनही मोजमापात उतरतं. थकलेली, रात्र रात्र जागलेली व्यक्ती अडचणी आहेत त्याहून जास्त सांगते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलेलं आहे. म्हणून झॅरिट यांच्या प्रश्नावलीसारखं काही वापरून त्यांच्यावरचा भार वेगळा मोजा. त्यांचं उत्तर खोडून काढण्यासाठी नाही; त्यांना स्वतःलाही मदत लागते आहे, हे अहवालात यावं म्हणून. पेशंटला स्वतःला आपली घट जाणवत नाही, हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. त्याला हट्ट किंवा लपवाछपवी समजून वाद घालू नका. आणि कोणी याउलट "माझ्याने काहीच होत नाही" असं स्वतःहून सांगत असेल, पण करायला दिल्यावर नीट करत असेल, तर नैराश्याची तपासणी आधी करा.

हे झालं ऐकलेलं. निदान एक काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय अहवाल पुरा करू नका. मी बहुतेक वेळा औषधांचा आठवड्याचा डबा भरायला देते. शक्यतो त्यांच्याच घरी, ते एरवी हे काम करतात त्या वेळी, त्यांच्याच नेहमीच्या चिठ्ठीवरून. अनोळखी खोलीत बऱ्या माणसाचीही गडबड होते, आणि घरच्या टेबलावर जागाच अर्धी आठवण करून देते. परवानगी मागा, आणि कशासाठी बघायचं आहे ते स्पष्ट सांगा. सूचना एकदाच द्या: "या चिठ्ठीप्रमाणे पूर्ण आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरा." मग गप्प बसा. नवीन थेरपिस्टना हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं. समोरचा चाचपडताना दिसला की आपला हात आपसूक पुढे होतो, आणि तिथेच मोजमाप संपतं.

काय बघायचं? चष्मा स्वतःहून लावला का. चिठ्ठी वाचली, की सरळ पाकिटं फोडायला घेतली. पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहिलं का. सकाळ आणि रात्र यांचे कप्पे वेगळे ठेवले का. एक दिवसाआड घ्यायची गोळी असेल तर तिथे काय झालं. घट पुष्कळदा याच जागी पहिल्यांदा दिसते, कारण इथे सरावाने हात चालत नाही, विचार करावा लागतो. मध्येच फोन वाजला तर परत आल्यावर कुठवर आलो होतो ते सापडलं का. शेवटी एकदा सगळ्या डब्यावरून नजर फिरवली का. आणि चूक झाली तेव्हा ती त्यांच्या लक्षात आली का. चूक होणं एक, चूक पकडता न येणं दुसरं. घरात एकटं राहण्याच्या दृष्टीने दुसरं जास्त धोक्याचं.

चुकांच्या जातीही लिहून ठेवा. गुरुवार, शुक्रवार रिकामेच राहिले, काम अर्ध्यावर सुटलं, ही राहून जाणारी चूक. सगळ्या कप्प्यांत एकच गोळी पडत गेली, किंवा भरता भरता एक गोळी तोंडात टाकली, ही भलतंच करून बसण्याची चूक. पहिल्या प्रकारात मला स्मरणशक्ती आणि एकंदर घट यांचा संशय येतो, दुसऱ्यात स्वतःला आवर घालण्याच्या आणि आखणी करण्याच्या क्षमतेचा. बुधवारचा कप्पा समोर असून सापडत नसेल तर नजर आणि अंतराचा अंदाज तपासा. गोळी चिमटीतच येत नसेल तर तो प्रश्न बोटांचा आहे, मेंदूचा असेलच असं नाही.

अडलं की मग मदत द्या, पण पायरीपायरीने. आधी थोडं थांबा. नंतर नुसतं "पुढे काय?" मग बोटाने चिठ्ठीकडे खूण. मग स्पष्ट सांगणं: "ही रात्रीची आहे, या कप्प्यात टाका." मग हात धरून, आणि सगळ्यात शेवटी आपण करून देणं. प्रत्येक टप्प्यावर कोणती पायरी पुरली ते लिहा. या एका नोंदीवर घरची पुढची व्यवस्था ठरते. "पुढे काय?" एवढ्यावर काम भागत असेल, तर मोबाइलचा गजर आणि भिंतीवरची मोठ्या अक्षरांतली यादी पुष्कळ होईल. खुणेशिवाय होत नसेल तर शेजारी कोणीतरी बसायला हवं. हात धरावा लागत असेल तर डबा दुसऱ्याने भरायचा, आणि त्यांनी समोर ठेवलेली गोळी घ्यायची. निघण्यापूर्वी तो डबा स्वतः तपासून दुरुस्त करायला विसरू नका. खरी औषधं आहेत ती.

मात्र हे सगळं करण्याआधी ऐकू येतं का, दिसतं का, गुडघे आणि खांदे दुखतात का, झोप कशी आहे, गेल्या काही आठवड्यांत नवं औषध सुरू झालं का, एवढं बघून घ्या. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवी रोखण्याच्या काही औषधांनी ज्येष्ठांचा गोंधळ उडतो. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या डॉक्टरांनी केल्या आहेत ना, ते विचारा. दोन-तीन दिवसांत एकदम ढासळलेली आणि तासातासाला बदलणारी अवस्था दिसली तर तक्ते गुंडाळून पेशंटला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. तो डेलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असू शकतो, आणि त्यामागे जंतुसंसर्गासारखं उपचार करण्याजोगं कारण पुष्कळदा सापडतं.

घट कोणत्या क्रमाने झाली यालाही अर्थ असतो. बॅरी राइसबर्ग यांनी अल्झायमरमधले टप्पे मांडले, त्यात आधी कपडे घालण्यात अडचण येते, मग आंघोळीत, मग शौचानंतरच्या स्वच्छतेत, आणि त्यानंतर लघवीवरचा, शेवटी शौचावरचा ताबा जातो. ज्यांना बिलं भरता येतात, कपडे नीट घालता येतात, पण लघवी आवरत नाही, त्यांच्या बाबतीत क्रम मोडलेला आहे. तिथे दुसरं कारण शोधायला हवं. लेवी बॉडी या विस्मरणाच्या दुसऱ्या एका आजारात आजचा दिवस चांगला आणि उद्याचा वाईट असतो, त्यामुळे एका भेटीवर मत बनवू नका. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांच्या आजारात, तुमच्यासमोर डबा बिनचूक भरला जाईल, आणि घरी मात्र माणूस दिवसभर काहीच सुरू करणार नाही किंवा अनोळखी माणसाला पैसे देऊन मोकळा होईल. तिथे घरच्यांच्या शब्दाला माझ्या लेखी निरीक्षणाहून जास्त वजन आहे.

तुमच्या पेशंटकडे परत येते. घरी एक भेट ठरवा, डबा भरून घ्या, आणि त्यांच्या संमतीने मागच्या तीन महिन्यांची बिलं आणि बँकेची नोंद एकत्र बसून बघा: न उघडलेली पाकिटं, एकच बिल दोनदा भरलेलं, ओळख नसलेल्या कोणाला गेलेली रक्कम. गाडी चालवत असतील तर तोही प्रश्न आताच काढा. गाडीवर नव्याने पडलेले ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पत्नीने शेजारी बसायचं टाळणं, यांपैकी काही असेल तर रस्त्यावरच्या प्रत्यक्ष चाचणीची शिफारस करा.

अहवालातली ओळ साधारण अशी असावी, अर्थात तुम्हाला जे दिसेल त्याप्रमाणे: "शरीराची निगा स्वतः राखतात, कपडे पत्नी मांडून ठेवते, न मांडल्यास आदलेच कपडे घालतात. औषधं: डबा भरायला सुरुवात स्वतः केली, एक दिवसाआडच्या गोळीपाशी अडले, बोटाने खूण केल्यावर पुढे गेले, शेवटी स्वतःहून तपासलं नाही, दोन चुका लक्षात आल्या नाहीत. स्वतःच्या मते अडचण नाही. पत्नीवर भार जास्त." यात कोणी खोटं ठरत नाही, आणि डॉक्टरांना हवं ते सगळं आहे.

परगावच्या मुलाला ही ओळ वाचून दाखवा, वडिलांना विचारूनच. वाद घालण्यापेक्षा त्याला काम द्या: वडिलांच्या संमतीने बिलं त्याच्या खात्यातून आपोआप भरली जातील अशी सोय, आणि आईला आठवड्यातून काही तास मोकळीक मिळेल अशी माणसाची व्यवस्था. तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करा, शक्यतो तुम्हीच, त्याच वेळी, त्याच टेबलावर, तोच डबा देऊन. मधल्या काळात ते पडले, रुग्णालयात भरती झाले, औषध बदललं किंवा पत्नी आजारी पडली, तर सहा महिन्यांची वाट न बघता लगेच जा.